मोठ्या घराचा हिशेब : महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर

चवथ जवळ आली की गोव्यातल्या मोठ्या कुटुंबांत दोन विषय हमखास निघतात. यंदा मूळ घरी कोण कोण येणार हा पहिला, आणि खर्च कसा वाटून घ्यायचा हा दुसरा. चार भावांची सोळा माणसे होतात, सोळांची पन्नास. माटोळीचे सामान, नेवऱ्यांचे पुरण, दारूकाम, भटजींची दक्षिणा, घराला रंग. ज्याची पाळी असते त्याच्या खिशालाच ते कळते. एका भावाला वाटते, आता आटोपते घ्यावे. दुसऱ्याला वाटते, वर्षातून एकदा सगळे एका पंगतीला बसतात, तिथे हात आखडू नये. दोघांचेही खरे असते, म्हणूनच हा वाद दरवर्षी नव्याने होतो.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्यातल्या जोडासांकोच्या ठाकूरवाड्यात भावाभावांमध्ये असाच वाद झाला होता. त्या घरातला थोरला भाऊ म्हणजे महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर, रवींद्रनाथांचे वडील. वडिलांचे कर्ज, पंधरा अपत्ये, सुना, घरजावई, नातवंडे आणि नोकरचाकर असा संसार त्यांच्या शिरावर होता. त्यांनी खर्च तोडला, घरचा सण बंद केला आणि पुढे स्वतःच नवे सण घडवले. मूर्तिपूजा सोडणाऱ्या माणसाचे चरित्र गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमच्याही घरी गणपती येतो, आणि यंदाही येणार आहे. पण सण कशासाठी आणि कितीत करावा, हा प्रश्न ज्याने आयुष्यभर सोडवला, त्याची गोष्ट सण करणाऱ्यांनीच वाचावी असे आम्हांला वाटते.

देवेंद्रनाथांचा जन्म १५ मे १८१७ रोजी झाला. वडील द्वारकानाथ ठाकूर हे त्या काळच्या कलकत्त्यातले अव्वल धनिक. जमीनदारी, युनियन बँक, कार-टागोर कंपनी, निळीचे आणि रेशमाचे कारखाने, कोळशाच्या खाणी असा त्यांचा पसारा. लोक त्यांना प्रिन्स म्हणत. बेलगाछियाच्या त्यांच्या बागबंगल्यात गोऱ्या साहेबांना मेजवान्या होत आणि त्यांची चर्चा शहरभर चाले. घरात मात्र वेगळेच वारे होते. पत्नी दिगंबरीदेवी कडक वैष्णव. नवरा साहेबांच्या पंगतीला बसतो हे कळल्यावर त्यांनी आपला व्यवहार वेगळा केला आणि जप, पूजा, उपास यांतच राहिल्या. एकाच वाड्यात एका बाजूला उधळण आणि दुसऱ्या बाजूला व्रत. देवेंद्रनाथ या दोन्हींच्या मधे वाढले.

त्यांचा खरा ओढा आजीकडे, अलकासुंदरींकडे. आजीबरोबर गंगास्नान, आजीच्या देवघरात बसणे, तिच्या हविष्यान्नातला घास खाणे, हे त्यांचे बालपण. घरी लक्ष्मी-जनार्दन हे कुलदैवत. दुर्गापूजा आणि जगद्धात्रीपूजा मोठ्या थाटाने होत. लहानपणी घरच्या दुर्गापूजेचे आमंत्रण घेऊन त्यांना राजा राममोहन राय यांच्याकडे पाठवले होते. मूर्तिपूजा न मानणाऱ्या राममोहनांना त्या आमंत्रणाचे नवल वाटले आणि त्यांनी मुलाला हळूच आपल्या थोरल्या मुलाकडे वळवले. त्या वेळी देवेंद्रनाथांना अर्थ कळला नाही, पण ते नवल मनात घर करून राहिले.

तारुण्यात पहिली काही वर्षे ऐषारामात गेली. मग आजी आजारी पडली. तिला गंगेच्या काठी नेऊन ठेवले होते. शेवटल्या रात्रींपैकी एका रात्री, जवळ नामसंकीर्तन चालू असताना, घाटावर एका साध्या चटईवर बसलेल्या देवेंद्रनाथांच्या मनात एकाएकी विलक्षण आनंद भरला. श्रीमंतीविषयीची सगळी ओढ त्या क्षणी गळून पडली. पुढे एकदा कुठल्याशा संस्कृत पोथीचे फाटके पान उडत त्यांच्यासमोर आले. पंडितांकडून अर्थ लावून घेतला, तर तो ईशोपनिषदातला पहिला मंत्र निघाला. हे सगळे ईश्वराने व्यापलेले आहे, त्याने दिले तेवढ्याचा त्यागाने उपभोग घ्यावा, दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नये, असा त्याचा आशय. हा मंत्र त्यांना आयुष्यभर पुरला. १८३९ साली त्यांनी तत्त्वबोधिनी सभा काढली आणि २१ डिसेंबर १८४३ रोजी, बंगाली पंचांगातल्या ७ पौषाला, वीस सोबत्यांसह ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली. बंगाली महिने सौर असल्यामुळे तिथे तिथीऐवजी तारीख धरतात. ही ७ पौषाची तारीख लक्षात ठेवावी, पुढे ती एका जत्रेची तारीख होणार आहे.

१ ऑगस्ट १८४६ रोजी द्वारकानाथ लंडनमध्ये वारले. श्राद्धाच्या वेळी देवेंद्रनाथांनी मूर्तिपूजेचा विधी करायला नकार दिला, उपनिषदातले मंत्र म्हणून दान केले आणि बाजूला झाले. आप्तांनी त्यांच्याशी जेवणखाण तोडले. ही पहिली किंमत. दुसरी लवकरच आली. १८४८ च्या सुरुवातीला कार-टागोर कंपनी बुडाली. देणे सुमारे एक कोटी रुपये, येणे सत्तर लाख. तीस लाखांचा खड्डा, आणि तोही त्या काळचे तीस लाख.

इथे कायदा देवेंद्रनाथांच्या बाजूने होता. द्वारकानाथांनी दूरदृष्टीने काही जमीनदारी आधीच विश्वस्तांच्या नावे करून ठेवली होती आणि सावकारांना तिला हात लावता आला नसता. मुलाबाळांच्या घरात एवढा आधार कोण सोडील? देवेंद्रनाथ आणि धाकटे भाऊ गिरींद्रनाथ सावकारांच्या सभेत गेले आणि ती सुरक्षित मालमत्ताही आपण देण्यासाठी पुढे करतो असे सांगितले. सभेतल्या काही सावकारांचे डोळे भरून आले. परतताना गाडीत देवेंद्रनाथांनी भावाला म्हटले की आज आपला विश्वजित यज्ञ झाला, सर्वस्व देऊन टाकले. सावकारांनीही मोठेपणा दाखवला. कुटुंबाच्या खर्चासाठी वर्षाला पंचवीस हजार रुपये ठरवून दिले आणि पुढे कारभारही त्यांच्याच हाती सोपवला. कर्ज फिटायला अनेक वर्षे लागली, पण फिटले. वडिलांनी एका धर्मादाय संस्थेला एक लाख रुपये देण्याचा शब्द दिला होता आणि तो राहून गेला होता. देवेंद्रनाथांनी ते लाख रुपये व्याजासकट चुकते केले. कागदावर नसलेले देणेही त्यांच्या लेखी देणेच होते.

मग घरात काटकसर आली. गाड्याघोडे विकले, नोकर कमी केले, जेवण आणि कपडे साधे झाले. स्वतः देवेंद्रनाथांना याचे दुःख झाले नाही. ज्या वैराग्याची त्यांना इच्छा होती ते आपोआप दारी आले, असे त्यांना वाटले. पण त्यांची काटकसर लाचारीची नव्हती. ठाकूर घराण्यात पिढ्यान्पिढ्या सांगितलेली एक आठवण आहे. कर्जाच्या दिवसांत शोभाबाजारच्या राजवाड्यात जलशाचे आमंत्रण आले. द्वारकानाथांचा मुलगा आता काय लेवून येतो, हे पाहायला सारे टपले होते. देवेंद्रनाथ पांढऱ्या शुभ्र साध्या कपड्यांत आले. अंगावर एकही दागिना नाही. फक्त पायातल्या मखमली जोड्यांवर मोती जडवलेले. इतरांनी जे गळ्यात आणि डोक्यावर मिरवले होते ते या माणसाने पायात घातले होते. सभेला जे समजायचे ते समजले.

आता तो सणाचा वाद. देवेंद्रनाथांना घरातली मूर्तिपूजा थांबवायची होती. सर्वांत धाकटे भाऊ नगेंद्रनाथ यांनी दुर्गापूजेला हात लावू दिला नाही. त्यांचे म्हणणे धर्माविषयी नव्हते. दुर्गोत्सव हा समाजाला बांधून ठेवणारा धागा आहे, त्या निमित्ताने सगळ्यांची गाठभेट होते, तो तोडला तर सगळ्यांची मने दुखावतील, असे ते होते. मूळ घरच्या गणपतीविषयी आपल्याकडचा एखादा भाऊ नेमके हेच बोलेल. देवेंद्रनाथांना हे म्हणणे सरळ खोडता आले नाही. तडजोड झाली. जगद्धात्रीपूजा बंद, दुर्गापूजा चालू. आणि दरवर्षी पूजा आली की देवेंद्रनाथ घर सोडून प्रवासाला निघू लागले. एकदा आसामला, एकदा ब्रह्मदेशाला. सगळे घराकडे परतायचे त्या दिवसांत घरचा कर्ता घराबाहेर. हा एकटेपणा त्यांनी वर्षानुवर्षे पत्करला, पण भावांवर बळजबरी केली नाही.

१८५६ साली ते हिमालयात गेले. १८५७ च्या धामधुमीत सिमल्याच्या बाजूला होते. डोंगरातली नदी खाली मैदानात उतरते, गढूळ होते आणि तरीही जमीन पिकवते, हे पाहताना त्यांना खाली परतण्याची आज्ञा मिळाल्यासारखे वाटले आणि १८५८ च्या अखेरीस ते कलकत्त्याला आले. तोवर गिरींद्रनाथ आणि नगेंद्रनाथ दोघेही गेले होते. दुर्गापूजा राखणारा भाऊ उरला नव्हता. त्यानंतर वाड्यातली पूजा थांबली, कुलदैवताची नित्यपूजाही थांबणार असे ठरले.

गिरींद्रनाथांच्या विधवा योगमायादेवी यांना हे मान्य नव्हते. त्यांनी लक्ष्मी-जनार्दन मागून घेतले आणि मुलांना घेऊन शेजारच्या, द्वारकानाथांच्या बैठकीच्या वाड्यात राहायला गेल्या. एका घराची दोन घरे झाली. पुरुषांचे येणेजाणे राहिले, मुले एकत्र नाटके करीत राहिली. बायकांचे मात्र पूर्वीसारखे राहिले नाही. देवेंद्रनाथांच्या पत्नी शारदादेवी आणि योगमाया या दोन जावा एकमेकींच्या जिवाभावाच्या होत्या. त्यांच्यामध्ये भिंत आली. नगेंद्रनाथांनी ज्या धाग्याची भीती घातली होती तो खरोखरच तुटला. देवेंद्रनाथांचे चरित्र लिहिताना हे गाळू नये. तत्त्वासाठी त्यांनी स्वतः सोसले, तसे इतरांनाही सोसावे लागले, आणि त्यांत घरातल्या बायकांचा वाटा मोठा होता.

पण देवेंद्रनाथ तिथे थांबले नाहीत. पंधरा अपत्यांतली काही लहानपणीच गेली होती, तरी घर भरलेले होते. इतकी मुले सणावाचून वाढवता येत नाहीत, हे त्यांना कळत होते. मूर्ती काढून उरलेली जागा रिकामी ठेवली असती तर त्यांचा धर्म घरात एक पिढीही टिकला नसता. म्हणून त्यांनी एकेक संस्कार, एकेक सण पुन्हा घडवला. १८६१ साली मुलगी सुकुमारी हिचे लग्न त्यांनी ब्राह्म पद्धतीने लावले. विधी बदलला, पण मंगल ते ठेवले. मुलांचे नामकरण, उष्टावण, मुंज यांना नवे मंत्र दिले. पोइला वैशाखाला, म्हणजे बंगाली वर्षप्रतिपदेला, पहाटे घरात उपासना होऊ लागली. भाऊबीज होती तशी राहिली, कारण बहिणीने भावाला टिळा लावण्यात त्यांच्या तत्त्वाला बाधा येत नव्हती.

रवींद्रनाथ हे चौदावे अपत्य, जन्म १८६१. त्यांच्या उष्टावणाची आठवण थोरली बहीण सौदामिनी हिने लिहून ठेवली आहे. पाटावर आलपना, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढून बाळाचे नाव लिहिले होते. वडिलांनी त्या पाटाच्या कडेने लहान लहान भोके पाडायला सांगितले, त्यांत मेणबत्त्या बसवल्या आणि मुलींकडून त्या लावून घेतल्या. होम नाही, मूर्ती नाही; एक पाट, थोडे पीठ आणि ओळीने मेणबत्त्या. खर्च म्हणाल तर काही आण्यांचा. पण पाहणाऱ्या बहिणीला तो उजेड म्हातारपणीही आठवत होता. मोठ्या घरातल्या आनंदाला पैशापेक्षा कुणीतरी आधी विचार केलेला असावा लागतो, ही गोष्ट देवेंद्रनाथांना बरोबर साधली होती.

रोजच्या घरातही तोच नेम. मुलींना स्वयंपाक यावा म्हणून त्यांनी पद्धत घालून दिली होती. रोज एक रुपया मिळे, त्यात मासळी आणि भाजी आणून मुलींनी एक पदार्थ करायचा. पैशाचा अंदाज आणि हाताची चव दोन्ही एकाच धड्यात. हेच देवेंद्रनाथ सौदामिनीला १८५१ साली बेथून शाळेत घालतात, जेव्हा भल्याभल्या घरांतल्या मुली उंबरठ्याबाहेर पडत नव्हत्या. काटकसर शिकवताना त्यांनी शिक्षणात कपात केली नाही.

मुलांचे लहानपण साधे होते, काही वेळा फारच साधे. रवींद्रनाथांनी पुढे लिहिले आहे की दहा वर्षांचे होईतो पायात मोजे चढले नव्हते आणि थंडीत सुती सदऱ्यावर आणखी एक सुती सदरा पुरेसा समजत. तक्रार एवढीच की नियामत शिंपी सदऱ्याला खिसा लावीत नसे. मुले नोकरांच्या ताब्यात. वाढणारा ईश्वर नावाचा नोकर पुऱ्या एकेक करून, जिवावर आल्यासारखा वाढी. आणखी हवी का विचारले की कोणते उत्तर त्याला आवडेल हे मुलांना ठाऊक असे. संध्याकाळच्या खाऊला काय आणू असे तो विचारी, तेव्हा मुले चुरमुरे, चणे, शेंगदाणे अशा स्वस्त वस्तूंची नावे सांगत. एवढ्या मोठ्या वाड्यातला हा खाऊ. यात शिस्त होती, तसे थोडे दुर्लक्षही होते. मोठ्या घरात ही दोन कुठे वेगळी होतात ते सांगणे कठीण. देवेंद्रनाथ बराच काळ डोंगरांत असत. ते घरी परतले की सारा वाडा सावरून बसे. थोरले विडा थुंकून, कपडे नीट करून समोर जात. शारदादेवी प्रकृती साथ देत नसतानाही स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसत. दाराशी किनू नावाचा हरकारा पहारा करी आणि मुलांना व्हरांड्यात धावायची बंदी असे.

१८७३ साली रवींद्रनाथांची मुंज झाली. डोक्याचा गोटा झालेला, शाळेत पोरे चिडवतील म्हणून मुलगा धास्तावला होता. अशा वेळी वडिलांनी बोलावून विचारले की हिमालयात येतोस का. हा त्या बालपणातला सर्वांत मोठा खाऊ. प्रथमच पूर्ण पोशाख शिवला गेला आणि कलाबुतूची नक्षी असलेली मखमली टोपी आली. तुळतुळीत डोक्यावर टोपी घालायला मुलगा लाजे, पण वडिलांची नजर गेली की घालावीच लागे.

आधी मुक्काम बोलपूरला झाला. तिथली उजाड लालसर जमीन, दोन सातवीणीची झाडे आणि शांतता देवेंद्रनाथांना आवडली होती आणि १८६३ साली त्यांनी वीस बिघे जमीन कायमच्या कराराने घेतली होती. तेच शांतिनिकेतन. इथे वडिलांनी मुलाच्या हाती थोडी नाणी दिली आणि हिशेब ठेवायला सांगितले. सोन्याच्या घड्याळाला किल्ली देण्याचे कामही दिले. मुलाने किल्ली इतक्या उत्साहाने दिली की घड्याळ दुरुस्तीला कलकत्त्याला पाठवावे लागले. हिशेबात एकदा शिल्लक मूळ रकमेपेक्षा जास्त निघाली, तेव्हा वडिलांनी हसून म्हटले की तुलाच खजिनदार नेमावे, तुझ्या हातात पैसा वाढतो. रागावले नाहीत. चूक होईल हे धरूनच जबाबदारी द्यायची, ही त्यांची रीत.

त्याच प्रवासातला आगगाडीतला प्रसंग प्रसिद्ध आहे. रवींद्रनाथांचे वय बारांच्या आत, म्हणून अर्धे तिकीट. पण अंगापिंडाने थोराड दिसल्यामुळे एका मोठ्या स्टेशनावर तिकीट तपासनिसाला शंका आली आणि शेवटी स्टेशनमास्तरने येऊन पूर्ण भाडे मागितले. देवेंद्रनाथांचे डोळे संतापाने चमकले. त्यांनी वाद न घालता नोट काढून दिली. उरलेली नाणी परत आली, ती त्यांनी खिडकीतून फलाटावर भिरकावून दिली. पैसे वाचवण्यासाठी हा माणूस मुलाचे वय चोरील, असे कुणाला वाटावे, हेच त्यांना सहन झाले नाही. आणा-आणा जपणाऱ्या माणसाने फलाटावर पैसे का फेकले, हे ज्याला समजले त्याला देवेंद्रनाथ समजले. त्यांच्या काटकसरीच्या मुळाशी पैशाचे प्रेम नव्हते. कुणाचे देणे राहू नये आणि कुणाशी खोटे वागावे लागू नये, यासाठी ती होती.

अमृतसरला ते मुलाला घेऊन सुवर्णमंदिरात जात, शीख मंडळींत बसून भजनात आपलाही सूर मिसळत. यात्रेकरू खूश होऊन खडीसाखर आणि हलवा देत. एकदा तिथल्या गवयाला मुक्कामी बोलावून त्यांनी बिदागी जरा जास्तच दिली, तेव्हा गवयांची अशी रीघ लागली की वाट चुकवावी लागली. पुढे डलहौसीजवळ बक्रोट्याच्या शिखरावर मुक्काम. पहाटे अंधारात उठून संस्कृतचे पाठांतर, मग उपासना, मग बर्फासारख्या पाण्याने आंघोळ. दिवसा मात्र मुलगा एकटा काठी घेऊन डोंगर पालथा घाली आणि वडील अडवीत नसत. घरी नोकरांनी खडूने आखलेल्या रेघेच्या आत बसवलेले हे पोर इथे मोकळे झाले.

१८७५ साली शारदादेवी गेल्या. तिरडीवर फुले आणि चंदन वाहून देवेंद्रनाथांनी निरोप दिला; सहा वर्षांची आणली होती, आज पाठवणी केली, अशा अर्थाचे ते बोलले. त्या मोठ्या घराचा अर्धा भार या बाईने उचलला होता, आणि घराच्या इतिहासात तिच्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे.

घरचा सर्वांत मोठा सण आता माघोत्सव होता. २३ जानेवारी १८३० रोजी, ११ माघाला, राममोहन रायांनी ब्राह्मसमाजाचे मंदिर उघडले, त्याचा हा स्मरणदिन. इतरांना जशी दुर्गापूजा तसा ठाकूरवाड्याला माघोत्सव. अंगणात दिवे, फुले, नवी गाणी, शेकडो माणसे. देवेंद्रनाथांची तयारी पाहण्यासारखी असे. कोणी काय करायचे, कोणती वस्तू कुठे ठेवायची, कोण कुठे बसणार, हे ते आधी मनात पूर्ण ठरवत आणि त्यात फरक चालत नसे. कार्य झाल्यावर एकेकाला बोलावून हकिकत ऐकत आणि सगळ्यांचे ऐकून ते चित्र मनात पुरे करत. काटकसरी माणूस सणाला हात आखडत नव्हता, पण कोणती गोष्ट वाया जाऊ देत नव्हता. उपासनेनंतर जेवणावळ असे. पोलाव आणि भले थोरले मेठाई म्हणजे लाडू. त्या मेठाईची चवदार आठवण चित्रकार अवनींद्रनाथांनी सांगितली आहे. हे अवनींद्रनाथ योगमायादेवींचे नातू. कुलदैवत घेऊन शेजारच्या वाड्यात गेलेल्या आजीचा नातू या वाड्यातल्या माघोत्सवाला जेवून तृप्त होत होता. तुटलेला धागा पूर्वीसारखा जुळला नाही, पण दुसऱ्या सणाने तो पुन्हा थोडा बांधला.

याच माघोत्सवासाठी १८८७ साली रवींद्रनाथांनी पुष्कळ गाणी रचली. वडील तेव्हा चुंचुड्याला होते. त्यांनी मुलाला बोलावून, ज्योतिरिंद्रनाथांना पेटीवर बसवून, सगळी गाणी ऐकली. काही दोनदा म्हणायला लावली. मग म्हणाले की देशाच्या राजाला देशाची भाषा कळत असती तर त्याने कवीला बक्षीस दिले असते. ते होणे नाही, तेव्हा हे काम मलाच केले पाहिजे. आणि पाचशे रुपयांचा चेक हातात ठेवला. लहानपणी याच मुलाची एक भाविक कविता ऐकून ते हसले होते. जिथे मोजे नव्हते त्या घरात एका गाण्यांच्या मैफलीला पाचशे रुपये. कुठे चुरमुरे द्यायचे आणि कुठे हात सैल सोडायचा, याचा हिशेब त्यांच्याजवळ पक्का होता.

हिशेब हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. पुढे ते पार्क स्ट्रीटवर राहत असताना दर महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला रवींद्रनाथांना जमाखर्च वाचून दाखवावा लागे. देवेंद्रनाथांची दृष्टी अधू झाली होती, पण मागल्या महिन्याचे, मागल्या वर्षाचे आकडे मनात होते. ठोकळ बेरजा ऐकून ते मनातल्या मनात जुळवून पाहत आणि शंका आली की बारीक रकमा विचारत. वडिलांना त्रास होऊ नये म्हणून मुलगा एखादी लंगडी बाब झाकायचा प्रयत्न करी. एकदाही ती झाकली गेली नाही. आमच्या मंडळाच्या खजिनदारांनी हा परिच्छेद जपून वाचावा आणि कार्यकारिणीने त्याहून जपून.

या घराचा आपल्याकडेही थोडा संबंध आहे. दुसरे चिरंजीव सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेत गेलेले पहिले भारतीय. त्यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि १८९७ साली ते साताऱ्याहून निवृत्त झाले. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. रवींद्रनाथ १८७८ साली मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले. ते प्रार्थना समाजाचे संस्थापक. आणि १८८३ साली, सत्येंद्रनाथांची नेमणूक आपल्या शेजारच्या कारवारला असताना, रवींद्रनाथ तिथे राहून नाटक लिहीत होते. कारवारच्या किनाऱ्याला आज त्यांचेच नाव आहे.

१८८८ साली देवेंद्रनाथांनी शांतिनिकेतन विश्वस्तांच्या हवाली केले. त्या पत्रात त्यांनी एक कलम घातले: विश्वस्तांनी दरवर्षी जत्रा भरवण्याचा प्रयत्न करावा. सर्व पंथांच्या साधुसंतांनी तिथे येऊन धर्मविचार करावा, बीभत्स करमणूक नसावी, मद्य आणि मांस सोडून सगळ्या वस्तूंची खरेदी-विक्री व्हावी. ज्याने घरची पूजा थांबवली त्याने म्हातारपणी कागदावर सही करून जत्रा मागितली. माणसांना एकत्र यायला निमित्त लागते, बाजार लागतो, थोडा खाऊ लागतो, हे धाकट्या भावाचे म्हणणे त्यांना तोवर पटले असावे असे आम्ही समजतो. १८९४ सालापासून ती जत्रा ७ पौषाला, त्यांच्या दीक्षेच्या तारखेला, भरू लागली. तीच पौषमेळा. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात शाळा काढली, तीही १९०१ सालच्या त्याच तारखेला.

१९ जानेवारी १९०५ रोजी, माघोत्सवाला थोडेच दिवस असताना, देवेंद्रनाथांनी जोडासांकोच्या वाड्यात देह ठेवला. वय सत्त्याऐंशी. मागे कर्ज नव्हते.

त्यांनी राखलेल्या एका लहान सणाची गोष्ट सांगून थांबतो. १९४० साली रवींद्रनाथ ऐंशीच्या घरात, आजारी, जोडासांकोत अंथरुणावर होते. एवढ्या भावंडांतली एकच बहीण उरली होती, वर्णकुमारी. भाऊबीजेच्या दिवशी ती वाकलेली म्हातारी दुसऱ्याचा हात धरून आली आणि थरथरत्या बोटाने तिने भावाच्या कपाळाला चंदन लावले. त्याला खर्च काही आला नाही. यंदाही चवथीला आपापल्या मूळ घरी हिशेब होतील, पाळ्या ठरतील, थोडे आवाज चढतील. माटोळी दोन फुटांनी लहान झाली तरी चालेल. ताटावर बसणाऱ्यांत कुणी कमी होऊ नये, एवढे पाहावे.